उंदरातील बायोल्युमिनेसन्स इमेजिंग: सुई टोचल्यापासूनच्या मिनिटांचा हिशेब

बायोल्युमिनेसन्स इमेजिंग म्हणजे गाठीच्या पेशींत प्रकाश निर्माण करणारे एन्झाइम घालून जिवंत उंदरातून येणारा प्रकाश कॅमेऱ्याने टिपणे. त्याचे चित्र इतके बोलके असते की त्यावर चटकन विश्वास बसतो. औषध न दिलेल्या उंदराच्या अंगावर मोठा लाल, म्हणजे जास्त प्रकाशाचा, डाग, औषध दिलेल्याच्या अंगावर निळसर ठिपका. झाले, औषध लागू पडले. पण त्या डागामागचा आकडा बऱ्याच गोष्टींनी हलतो. ल्युसिफेरिन, म्हणजे या प्रकाशासाठी उंदराला टोचायचा पदार्थ, पोटाच्या पोकळीत गेले की आतड्यात? इंजेक्शननंतर आठव्या मिनिटाला चित्र घेतले की अठराव्या? केस किती उगवले होते? उंदीर थंड पडला होता का? यातले काहीच चित्रात दिसत नाही आणि चित्र मात्र दरवेळी सुबकच येते.

पुढची पद्धत काजव्याच्या ल्युसिफरेजसाठी आहे, कारण कर्करोगाच्या बहुतेक प्रयोगांत तेच वापरले जाते. हे एन्झाइम डी-ल्युसिफेरिनचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यासाठी त्याला ऑक्सिजन, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि मॅग्नेशियम लागते. म्हणून प्रकाश फक्त जिवंत पेशीतून येतो. ही या तंत्राची मोठी ताकद आहे. मात्र याच कारणाने पेशींची संख्या न बदलताही प्रकाश बदलू शकतो. खालचा प्रत्येक टप्पा असे बदल एकेक करून बंद करण्यासाठी आहे, त्यामुळे क्रम मोडू नका.

टप्पा १: पेशी आधी तपासा, उंदीर नंतर मागवा

ल्युसिफरेजचे जनुक बहुधा लेंटिव्हायरसने (जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूने) पेशीत घातले जाते आणि प्युरोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने जनुक न घेतलेल्या पेशी मारून निवड केली जाते. तेवढ्यावर थांबू नका. निवडीतून वाचलेल्या सगळ्या पेशी सारख्या चमकत नाहीत. काही खूप तेजस्वी असतात, काही जेमतेम. उंदरात यातली मंद पेशी जोमाने वाढली तर गाठ मोठी होत जाते आणि संकेत, म्हणजे मोजलेला प्रकाश, मात्र जागचा हलत नाही. फ्लो सॉर्टरने (पेशी एकेक तपासून वेगळ्या करणाऱ्या यंत्राने) साधारण सारख्या तेजाच्या पेशी वेगळ्या काढता आल्या तर उत्तम. एकाच पेशीपासून वाढवलेला क्लोन वापरणार असाल तर तो मूळ पेशींचे सगळे गुण बाळगून असेलच असे धरू नका. मला स्वतःला एका क्लोनपेक्षा सॉर्ट केलेला मिश्र समूह बरा वाटतो, कारण त्यात मूळ गाठीची विविधता अधिक टिकते.

प्रमोटर (जनुक चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा) कोणता आहे याचीही नोंद ठेवा. सीएमव्ही प्रमोटर काही पेशींत हळूहळू बंद पडतो. तीन-चार आठवड्यांच्या प्रयोगात असे झाले तर ते औषधाच्या परिणामासारखेच दिसते. दीर्घ प्रयोगासाठी ईएफ-१ अल्फा किंवा पीजीकेसारखे प्रमोटर अधिक भरवशाचे.

आता प्लेटवरची चाचणी. काळ्या भिंतींच्या ९६ खणांच्या प्लेटमध्ये १०,००० पेशींपासून सुरुवात करून दर खणात निम्म्या करत न्या. पारदर्शक प्लेट चालणार नाही, कारण एका खणाचा प्रकाश शेजारच्या खणात सांडतो. माध्यमात प्रति मिलिलिटर १५० मायक्रोग्रॅम या प्रमाणात ल्युसिफेरिन घाला आणि काही मिनिटांत चित्र घ्या. पेशींची संख्या आणि प्रकाश यांचा आलेख सरळ रेषेत यायला हवा. त्या रेषेच्या उतारावरून एका पेशीमागे सेकंदाला किती फोटॉन मिळतात ते काढा आणि तो आकडा वहीत लिहा. पेशींचा प्रत्येक नवा साठा गोठणातून काढला की हीच चाचणी पुन्हा करा.

तपासणी: अँटिबायोटिक काढून घ्या आणि पेशी तुमच्या प्रयोगाइतके दिवस वाढवा. शेवटी एका पेशीमागचा प्रकाश मोजा. तो बराच घटला असेल तर त्या पेशी उंदरात घालू नका.

तपासणी: ल्युसिफरेज असलेल्या पेशी मूळ पेशींच्याच वेगाने वाढतात का, औषधाला तसाच प्रतिसाद देतात का, आणि मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा सूक्ष्म जिवाणू) नाही ना, हे तिन्ही कागदावर असू द्या.

इशारा: ल्युसिफरेज हे उंदराच्या दृष्टीने परके प्रथिन आहे. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरात शरीर या पेशींवर हल्ला करू शकते. मग गाठी कमी लागतात, मेटास्टॅसिस (कर्करोगाचा इतर अवयवांत प्रसार) कमी दिसतो आणि इम्युनोथेरपीचा परिणाम फुगलेला वाटतो. अशा प्रयोगात मूळ, न चमकणाऱ्या पेशी दिलेला एक गट ठेवाच आणि त्यांच्या गाठी कॅलिपरने मोजून वाढीची तुलना करा.

टप्पा २: उंदीर आणि त्याचे केस

प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी हातात येण्याआधी कशालाच सुरुवात करायची नाही. मंजुरीच्या अर्जात इमेजिंगच्या फेऱ्या, भुलीची पद्धत, ल्युसिफेरिनचा डोस आणि मानवीय अंतिम बिंदू स्पष्ट लिहा. किती वजन घटले, गाठ किती वाढली किंवा कोणती लक्षणे दिसली की उंदराला वेदनारहित मृत्यू द्यायचा, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. शेवटच्या चित्रासाठी आजारी उंदीर आणखी दोन दिवस ठेवण्याचा मोह होतो. तो उंदरावर अन्याय आहे. शिवाय अशा उंदराचे रक्ताभिसरण कोसळलेले असल्याने तो आकडाही कामाचा नसतो.

ल्युसिफरेजचा प्रकाश शरीराच्या तापमानाला सुमारे ६१० नॅनोमीटरपाशी झुकतो. ६०० नॅनोमीटरच्या अलीकडचा बहुतांश भाग हिमोग्लोबिन गिळून टाकते, तांबडा भाग त्यातल्या त्यात बाहेर पडतो. मेलॅनिन (केस आणि कातडीतले काळे रंगद्रव्य) मात्र दोन्ही खाते. म्हणून काळ्या केसांच्या सी-५७ ब्लॅक-६ उंदरात केस काढल्याशिवाय मोजमाप करू नका. पर्याय असेल तर याच वंशाचे पांढरे, अल्बिनो उंदीर घ्या. केसरहित न्यूड उंदरात हा प्रश्नच येत नाही. पांढऱ्या केसांच्या उंदरात तो कमी असतो, पण दाट पांढरे केसही प्रकाश विखुरतात हे ध्यानात असू द्या.

केस इमेजिंगच्या आदल्या दिवशी काढा. मशीन फिरवून मग केस काढण्याचे क्रीम लावायचे असेल तर ते थोडाच वेळ ठेवा आणि ओल्या कापसाने पूर्ण पुसून घ्या. क्रीम उरले की कातडी भाजते, उंदीर ती चाटतो आणि सुजलेल्या कातडीतून प्रकाशही वेगळा बाहेर पडतो. काळ्या उंदरात आणखी एक अडचण आहे. केसांचे चक्र सुरू झाले की कातडीवर काळसर चट्टे उठतात. ते केसांचे नसून कातडीतल्या रंगद्रव्याचे असतात आणि कितीही वस्तरा फिरवला तरी जात नाहीत. चट्टा नेमका गाठीवर असेल तर त्या दिवसाच्या नोंदीत तसे लिहा.

टप्पा ३: ल्युसिफेरिनचे द्रावण

पोटॅशियम किंवा सोडियम क्षार घ्या. ते पाण्यात सहज विरघळतात. मुक्त आम्ल विरघळत नाही आणि ते विरघळवायला अल्कली घालत बसलात तर डी-ल्युसिफेरिनचा काही भाग त्याच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या एल रूपात जातो. हे एल रूप डी-ल्युसिफेरिनच्या कामात अडथळा आणते.

पावडर कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या डीपीबीएसमध्ये (खारट बफर द्रावणात) प्रति मिलिलिटर १५ मिलिग्रॅम या प्रमाणात विरघळवा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, एका दिवसाला पुरेल एवढ्या लहान नळ्यांत भरा आणि प्रकाशापासून झाकून उणे २० अंशांवर किंवा त्याहून थंड ठेवा. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नका.

१५ मिलिग्रॅमचे प्रमाण निवडण्यामागे हिशेबाची सोय आहे. रूढ डोस दर किलो वजनाला १५० मिलिग्रॅम असतो, म्हणजे दर ग्रॅम वजनाला १० मायक्रोलिटर द्रावण. २२ ग्रॅमच्या उंदराला २२० मायक्रोलिटर, त्यात ३.३ मिलिग्रॅम ल्युसिफेरिन. सगळ्यांना सरसकट २०० मायक्रोलिटर देण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. १८ ग्रॅमच्या आणि २७ ग्रॅमच्या उंदराला एकच डोस दिला की औषधामुळे वजन घटलेल्या गटाला आपोआप जास्त ल्युसिफेरिन मिळते आणि तुलना तिथेच वाकडी होते.

तपासणी: एका प्रयोगाला लागणारी सगळी पावडर एकाच लॉटची (उत्पादन तुकडीची) घ्या. लॉट बदलावाच लागला तर जुने आणि नवे द्रावण एकाच प्लेटवरच्या पेशींवर शेजारी शेजारी तपासा.

टप्पा ४: कायनेटिक वक्र, जो बहुतेक जण टाळतात

या लेखातला एकच टप्पा मनावर घ्यायचा असेल तर तो हा घ्या.

पोटात टोचलेले ल्युसिफेरिन रक्तात शोषले जाते, गाठीपर्यंत पोचते, पेशीत शिरते आणि मग हळूहळू संपते. त्यामुळे संकेत आधी चढतो, काही मिनिटे जवळजवळ सपाट राहतो आणि मग उतरतो. पोटातल्या इंजेक्शननंतर शिखर बहुधा १० ते २० मिनिटांच्या दरम्यान येते. शिरेतून दिले तर ते पहिल्या काही मिनिटांतच येते आणि उतारही झपाट्याने सुरू होतो. पण "बहुधा" या शब्दावर प्रयोग उभा करता येत नाही. शिखराची वेळ गाठीची जागा, तिच्यातल्या रक्तवाहिन्या, भूल आणि उंदराचा वंश यांनुसार बदलते. दुसऱ्याच्या शोधनिबंधातले "१० मिनिटे" उचलून आपल्या मेंदूतल्या गाठीला लावू नका.

हा चढ-उतार वेळेसमोर दाखवणारा कायनेटिक वक्र काढायला तीन-चार उंदीर पुरतात. ल्युसिफेरिन टोचा, घड्याळ सुरू करा, आणि पाचव्या मिनिटापासून चाळीसाव्या मिनिटापर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी चित्र घ्या. प्रत्येक उंदराचा एकूण प्रकाश वेळेसमोर मांडा. वक्राचा जो भाग सगळ्यांत सपाट आहे तीच तुमची खिडकी. समजा ती १२ ते १८ मिनिटांची निघाली, तर संपूर्ण प्रयोगात प्रत्येक उंदराचे चित्र याच खिडकीत, शक्यतो एकाच ठरलेल्या मिनिटाला घ्यायचे.

एवढे केल्यावर बरेच जण वक्र फाइलमध्ये लावून विसरतात. गाठ वाढते तशा तिच्या रक्तवाहिन्या बदलतात आणि शिखर पुढे-मागे सरकते. म्हणून प्रयोगाच्या मध्यावर आणि अखेरीस, आणि औषध दिलेल्या गटातही, वक्र पुन्हा काढा. औषधाने रक्तवाहिन्या कमी होत असतील तर ल्युसिफेरिन उशिरा पोचते. मग बाराव्या मिनिटाला औषध गटाचा संकेत खाली आणि पंचविसाव्या मिनिटाला कंट्रोलच्या (औषध न दिलेल्या गटाच्या) बरोबरीला, असेही चित्र दिसू शकते. एकाच वेळेचे चित्र घेणाऱ्याला ते कधीच कळत नाही. शंका असेल तर दर उंदराची तीन-चार लागोपाठ चित्रे घ्या आणि त्यातले शिखर वापरा. वेळ जास्त जातो, पण आकडा बचावाला उभा राहतो.

इशारा: वक्र काढताना उंदीर बराच वेळ भुलीत राहतो. गरम पट्टा, डोळ्यांत मलम आणि श्वासावर नजर, हे तिन्ही सोडू नका.

टप्पा ५: इमेजिंगच्या दिवसाची मांडणी

उंदराचे वजन त्याच दिवशी करा, आदल्या आठवड्याचे वजन वापरू नका. शक्यतो दर खेपेला दिवसाच्या त्याच सुमाराला इमेजिंग करा. औषधाचा डोसही त्याच दिवशी असेल तर आधी इमेजिंग, मग औषध. पोटातून दिलेल्या औषधावर लगेच पोटातून ल्युसिफेरिन दिले की शोषणाचा हिशेब बिघडतो.

आता क्रम. सगळे कंट्रोल आधी आणि औषध गट नंतर अशी रांग लावू नका. दुपारपर्यंत द्रावण कोमट होते, हात थकतात, घाई सुरू होते, आणि त्याचा सगळा भार एकाच गटावर पडतो. दर फेरीत दोन्ही गटांचे उंदीर मिसळा आणि पुढच्या आठवड्यात फेऱ्यांचा क्रम बदला. प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर मात्र नेहमी सकाळी, निर्जंतुक केलेल्या यंत्रात, सगळ्यांत आधी. एका प्रयोगशाळेचे यंत्र अनेकांचे उंदीर पाहते आणि संसर्ग तिथूनच पसरतो.

ल्युसिफेरिनची नळी बर्फावर आणि अंधारात ठेवा, पण सिरिंजमध्ये घेतलेले द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावरच टोचा.

टप्पा ६: इंजेक्शन

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या चित्रात दिसत नाहीत म्हणून कॅमेऱ्याच्या माथी मारल्या जातात.

उंदीर नीट धरा, डोके किंचित खाली झुकवा म्हणजे आतडी छातीकडे सरकतील. पोटाच्या खालच्या भागात, उंदराच्या उजव्या बाजूला, २५ ते २७ गेजच्या सुईने टोचा. डावीकडे बहुधा अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) असते, ते टाळायचे आहे. दट्ट्या हलका मागे ओढून पाहा. हिरवट-तपकिरी द्रव आला तर सुई आतड्यात आहे, पिवळा आला तर मूत्राशयात, लाल आला तर रक्तवाहिनीत. तिन्ही वेळा सुई बाहेर काढा, ती सिरिंज आणि त्यातले द्रावण टाकून द्या, नवी घ्या. काहीच आले नाही तर सावकाश टोचा. कातडीखाली फुगवटा आला तर द्रावण पोकळीत गेलेले नाही.

सराव झालेल्या हातूनही पोटातले इंजेक्शन अधूनमधून चुकते. त्या उंदराचा संकेत अचानक दहापट खाली येतो आणि औषधाने चमत्कार केल्यासारखे वाटते. यावर उपाय आकडे पाहण्याआधीच लिहून ठेवायचा. उदाहरणार्थ, एखाद्या उंदराचा संकेत आधीच्या खेपेपेक्षा ठरावीक पटीने घसरला आणि हाताला लागणारी गाठ मात्र तेवढीच असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याचे इमेजिंग पुन्हा करायचे. हा नियम सगळ्या गटांना सारखाच लावा आणि कोणता उंदीर कोणत्या गटाचा हे माहीत नसलेल्या माणसाने लावावा.

पोटातला मार्गच घ्यायला हवा असे नाही. मानेमागच्या सैल कातडीखालचे इंजेक्शन फारसे चुकत नाही. अंडाशयाचा कर्करोग किंवा उदरपोकळीत पसरलेल्या गाठींच्या मॉडेलमध्ये तर मी तोच मार्ग सुचवेन. पोटात टोचलेले ल्युसिफेरिन तिथल्या पेशींना थेट भिजवते, रक्तातून येत नाही, त्यामुळे पोटातल्या गाठी आणि फुप्फुसातल्या गाठी यांची तुलना निरर्थक होते. मार्ग कोणताही घ्या, त्याचा स्वतंत्र वक्र काढा आणि प्रयोगाच्या मध्ये मार्ग बदलू नका.

तपासणी: प्रत्येक उंदराच्या नावासमोर इंजेक्शनची वेळ मिनिट-सेकंदासह लिहा. "पाचही उंदीर ११:२० ला" अशी नोंद कामाची नाही. पहिल्या आणि पाचव्या उंदरात दोन-तीन मिनिटांचे अंतर असतेच. तुमची खिडकी खरोखर सपाट असेल तर ते खपून जाते, नसेल तर त्याच अंतराने टोचून त्याच अंतराने चित्रे घ्यावी लागतात.

टप्पा ७: भूल आणि उंदराची मांडणी

आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूने २ ते ३ टक्क्यांवर भूल लागते आणि १.५ ते २ टक्क्यांवर टिकते. आधी ल्युसिफेरिन आणि मग भूल, की आधी भूल आणि मग ल्युसिफेरिन? दोन्ही चालते, पण दोन्हींचे वक्र वेगळे येतात. भुलीत रक्ताभिसरण मंदावते आणि आयसोफ्लुरेन ल्युसिफरेजच्या क्रियेवरही काही प्रमाणात परिणाम करते. एक क्रम निवडा, त्याचा वक्र काढा, शेवटपर्यंत तोच ठेवा. जाग्या उंदराला टोचून, पाचव्या मिनिटाला भुलीच्या पेटीत घालून, दहाव्या मिनिटाला यंत्रात मांडण्याचा क्रम हाताळायला सोपा जातो.

उंदीर थंड पडला की प्रकाश कमी होतो. रक्तप्रवाह मंदावतो आणि एन्झाइमचा वेगही. भुलीच्या पेटीपासून जागे होईपर्यंत उंदराखाली ऊब हवी. यंत्रातला मंच आधीच ३७ अंशांवर आणून ठेवा.

उंदीर दर खेपेला एकाच कुशीवर आणि एकाच कोनात ठेवा. ऊतीतून येताना दर सेंटिमीटरमागे प्रकाश अंदाजे दहापट घटतो, म्हणून फुप्फुसातली गाठ पाठीकडून आणि पोटाकडून पाहिली तर आकडे एकमेकांशी जुळणारच नाहीत. मेटास्टॅसिस शोधायचा असेल तर दोन्ही बाजू घ्या आणि दोन्हींची नोंद स्वतंत्र ठेवा.

शेजारच्या तेजस्वी उंदराचा प्रकाश मंद उंदराच्या अंगावर पडतो. मध्ये काळे विभाजक उभे करा. तेजस्वी मूळ गाठीमुळे जवळचा लहान मेटास्टॅसिस झाकला जात असेल तर ती गाठ काळ्या कागदाने झाका आणि दुसरे, जास्त वेळाचे चित्र घ्या.

इशारा: काळा दिसणारा प्रत्येक कागद काळा नसतो. काही कागद, चिकटपट्ट्या आणि शेपटीवर खुणा करायचे मार्कर स्वतःच मंद चमकतात. नवी वस्तू उंदराशिवाय यंत्रात ठेवून पाच मिनिटांचे चित्र घ्या. काही दिसले तर ती वापरू नका.

टप्पा ८: कॅमेरा

वरचे टप्पे सांभाळले असतील तर इथे फार काही उरत नाही. सेन्सर ठरलेल्या तापमानाला थंड झाला आहे याची खात्री करा. सोळा-बिट कॅमेऱ्यात एका पिक्सेलची कमाल मर्यादा ६५,५३५ काउंट (कॅमेऱ्याचा कच्चा आकडा) असते. ती गाठली की त्यापुढचा प्रकाश मोजलाच जात नाही. सर्वांत तेजस्वी पिक्सेल ६०,००० च्या खाली आणि ६०० च्या वर राहील असा एक्स्पोजरचा वेळ आणि बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणे) निवडा. तेजस्वी आणि मंद उंदीर एकाच चौकटीत असतील तर एक लहान आणि एक मोठे, अशी दोन एक्स्पोजर घ्या.

काउंटची तुलना करू नका. काउंट एक्स्पोजर, बिनिंग आणि लेन्सचे छिद्र किती उघडे आहे यांनुसार बदलतात. दुरुस्त केलेले एकक, म्हणजे सेकंदाला फोटॉन, किंवा रेडियन्स, म्हणजे दर सेकंदाला, दर चौरस सेंटिमीटरला, दर स्टेरेडियनला (घनकोनाच्या एककाला) फोटॉन, हेच वापरा.

टप्पा ९: आरओआय आणि आकडे

आरओआय म्हणजे मोजायचे क्षेत्र. ते दर उंदरासाठी हाताने, डाग दिसेल तसे काढले की मोठ्या डागाला मोठे आणि लहान डागाला लहान क्षेत्र मिळते आणि फरक फुगतो. एक ठरावीक आकार निवडा, सगळ्यांत मोठ्या अपेक्षित गाठीला पुरेल असा, आणि तोच सगळ्या उंदरांना सगळ्या आठवड्यांत लावा. एकूण प्रकाश, म्हणजे टोटल फ्लक्स, मोजा. सरासरी रेडियन्स क्षेत्राच्या आकाराप्रमाणे हलते, त्यामुळे ती घ्यायचीच असेल तर क्षेत्र काटेकोर सारखे हवे.

पार्श्वभूमीसाठी गाठ नसलेला पण ल्युसिफेरिन दिलेला उंदीर दर फेरीत ठेवा. रिकाम्या मंचावरचे क्षेत्र त्याची जागा घेत नाही, कारण ल्युसिफेरिन दिलेल्या शरीरातून अगदी मंद प्रकाश येतोच. तुमचा संकेत या पार्श्वभूमीच्या किती वर असला की "गाठ आहे" म्हणायचे, ते आधी ठरवा.

गटवारी करताना पहिल्या मोजमापानुसार उंदरांचे थर पाडा आणि त्या थरांतून सोडतीने गट करा. शेपटीच्या शिरेतून पेशी दिल्या असतील तर त्याच दिवशीचे चित्र फक्त इंजेक्शन नीट झाले का हे पाहण्यासाठी वापरा. संकेत फुप्फुसात हवा, शेपटीत अडकलेला नको. या दिवसाचा आकडा वाढीचा पाया धरू नका, कारण यातल्या बहुतेक पेशी पहिल्या एक-दोन दिवसांत मरतात. पाया नंतरच्या मोजमापाचा घ्या.

हे आकडे कित्येक पटींत पसरलेले असतात. सरळ सरासरी काढली की एकच तेजस्वी उंदीर संपूर्ण गट ओढून नेतो. लॉगरिदम घ्या, मग विश्लेषण करा. शोधनिबंधातल्या चित्रांत सगळ्या गटांना आणि सगळ्या दिवसांना एकच रंगपट्टी लावा, तिची किमान-कमाल मर्यादा चित्राखाली छापा. सॉफ्टवेअर दर चित्राला आपोआप नवी पट्टी देते आणि त्यातून झालेली दिशाभूल अजूनही छापून येते.

टप्पा १०: आकडा खाली आला म्हणजे गाठ लहान झाली का?

दर वेळी नाही. मोठ्या गाठीचा गाभा मृत होतो किंवा ऑक्सिजनला मुकतो. तिथल्या पेशी मेल्या नसल्या तरी ऑक्सिजन आणि एटीपीअभावी चमकत नाहीत. कॅलिपरवर गाठ वाढताना आणि प्रकाश सपाट होताना दिसला तर हे कारण आधी तपासा. हाताला लागणाऱ्या गाठींत कॅलिपर मोजमाप म्हणूनच सोडू नये.

औषधामुळेही गफलत होते. एबीसीजी२ हा पेशीतून पदार्थ बाहेर फेकणारा पंप ल्युसिफेरिनही बाहेर फेकतो. तुमचे औषध हा पंप अडवत असेल तर पेशीत ल्युसिफेरिन साठते आणि पेशी तेवढ्याच असताना संकेत वाढतो. काही औषधे थेट ल्युसिफरेजलाच बांधली जातात. दोन्ही शक्यता उंदरापर्यंत जाण्याआधी प्लेटवर तपासता येतात. चमकणाऱ्या पेशींना औषध थोडाच वेळ द्या, म्हणजे त्या मरायला वेळ मिळणार नाही, आणि लगेच प्रकाश मोजा. पेशींची संख्या तीच आणि प्रकाश वेगळा, तर औषध मोजमापात ढवळाढवळ करते आहे. मग उंदरातल्या आकड्याला ऊतीच्या तपासणीची जोड दिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

टप्पा ११: अवयव बाहेर काढून खात्री

जिवंत उंदरातला डाग यकृतातला की त्यामागच्या मूत्रपिंडातला, हे सपाट चित्रावरून सांगता येत नाही. शेवटच्या दिवशी ल्युसिफेरिन टोचा, पूर्ण उंदराचे चित्र घ्या आणि मग मंजूर पद्धतीने वेदनारहित मृत्यू द्या. इथून पुढे दर मिनिट मोलाचे. मृत्यूनंतर ऑक्सिजन आणि एटीपी दोन्ही आटतात, तसा संकेतही विझत जातो. छेदनाची हत्यारे आणि खुणा केलेल्या डिश आधीच मांडून ठेवा. अवयव काढण्याचा क्रम ठरवा आणि सगळ्या उंदरांत तोच पाळा. ज्या अवयवाबद्दल तुमचा मुख्य प्रश्न आहे तो पहिला. अवयव प्रति मिलिलिटर ३०० मायक्रोग्रॅम ल्युसिफेरिनच्या पीबीएसमध्ये बुडवून लगेच चित्र घ्या. एका वेळी एकच उंदीर. पाच उंदीर एकत्र मारून ओळीने कापत गेलात तर पाचव्याचा संकेत पहिल्याशी तुलना करण्याजोगा राहत नाही.

निरोगी उंदराचे तेच अवयव, तेच द्रावण, तोच वेळ, अशी पार्श्वभूमी इथेही हवी. चमकलेला अवयव फॉर्मालिनमध्ये टाका, त्याच्या डिशचा क्रमांक बाटलीवर लिहा, आणि न चमकलेल्यांपैकीही काही ऊतीच्या तपासणीला पाठवा. ल्युसिफरेज गमावलेल्या पेशींची गाठ असेल तर ती तिथेच सापडेल.

प्रकाशनासाठी नोंदी एकत्र करताना अराइव्ह या प्राणी-प्रयोगांच्या अहवालासाठीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उंदरांची संख्या, सोडत, अंधत्व (म्हणजे गट माहीत नसलेल्या माणसाने मोजमाप केले का) आणि वगळलेले उंदीर लिहा. त्यासोबत ल्युसिफेरिनचा डोस, मार्ग आणि लॉट, भुलीचा क्रम, इंजेक्शनपासून चित्रापर्यंतची मिनिटे, एक्स्पोजर, बिनिंग, आरओआयचा आकार आणि मूळ कायनेटिक वक्र पुरवणीत जोडा.